पोकळ ठिपका

माझ्या कामात एक लाल ठिपका असतो. कोडच्या ज्या ओळीशेजारी तो लावावा, तिथं चालता प्रोग्राम येऊन थांबतो. थांबला की त्याच्या खिशात काय काय आहे ते निवांत तपासता येतं: कुठला आकडा आला, कुठलं नाव रिकामं राहिलं, कुठल्या अटीपाशी गाडी भलतीकडं वळली. आम्ही त्याला ब्रेकपॉइंट म्हणतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, टोलनाक्यागत का? मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव नाका.

हा नाका एकदा माझ्यावर रुसला. मी लाल ठिपका लावायचो आणि प्रोग्राम सुरू झाला की तो आतून पोकळ व्हायचा, नुसतं राखाडी वर्तुळ उरायचं. त्याच्यावर बाण नेला की बारीक अक्षरांत सूचना यायची की ही जागा सापडत नाही. जागा तर माझ्या डोळ्यांसमोर होती. अशा वेळी मला आधी राग येतो, मग कुतूहल वाटायला लागतं, आणि कुतूहल लागलं की जेवणखाण सुचत नाही. घरातल्यांना त्यातल्या त्यात माझा रागच परवडतो.

मी राहतो केडगावात आणि काम करतो पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं. आम्ही सातआठ जण, फोनवरची ॲप बनवतो. त्यातलं एक ॲप कुरकुंभच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदारासाठी होतं. काम अगदी साधं. कामगारानं आपला नंबर टाकायचा, ‘उद्याची पाळी’ असं लिहिलेलं बटण दाबायचं, की उद्या फर्स्ट शिफ्ट का सेकंड आणि बस किती वाजता, हे दिसायचं. आठवड्याचा तक्ता रविवारी लागायचा आणि मध्येच एखाद्या दिवशीची पाळी बदलली तर तो बदल त्या तारखेपुरता वेगळा यायचा. हे सगळं मी लिहिलं होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता, कारण ते ॲप वापरणाऱ्यांत माझी वहिनी होती.

वहिनी न्हावऱ्याच्या. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात आल्या, तेव्हा त्यांची बारावी झालेली होती. थोरला भाऊ दुधाचा टँकर चालवतो, त्याचा पाय घरात फारसा नसतो. वहिनी चारेक वर्षं कुरकुंभला एका औषध कंपनीत पॅकिंगला जात होत्या, ठेकेदारामार्फत. स्कुटीवर चौफुल्यापर्यंत आणि तिथून कंपनीच्या बसनं. काम त्यांना आवडायचं, हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण शिफ्टचा निळा कोट त्या ज्या पद्धतीनं इस्त्री करायच्या त्यावरून कळायचं. साडीला त्यांनी तशी इस्त्री कधी केली नाही.

तर या वहिनींना दोन महिन्यांत दोनदा गैरहजेरी लागली. दोन्ही वेळा त्या दुपारच्या बसला गेल्या आणि तिथं कळलं की त्यांची पाळी सकाळची होती. दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं एकच, फोनवर सेकंड लिहिलं होतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं सांगितलं की आता तिसऱ्यांदा असं झालं की यादीतून नाव कमी. भाऊ म्हणाला, नीट बघत जा. आणि मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी माझ्या फोनवर त्यांचा नंबर टाकला, बटण दाबलं, पाळी बरोबर आली आणि मी तो फोन त्यांच्यासमोर धरला. म्हणालो, बरोबर तर दाखवतंय की. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि भाकरी थापायला गेल्या.

तरी मी तक्रार पुण्याला कळवली होती, नाही असं नाही. आमच्या साहेबांनी तिच्यावर ‘युजर एरर’ असा शेरा मारून ती बंद केली. युजर एरर म्हणजे वापरणाऱ्याची चूक. आमच्या धंद्यात हा शेरा फार सोयीचा आहे, मीही तो कैक वेळा मारलेला आहे.

त्या शुक्रवारी वहिनींची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी मी लॅपटॉप उघडून पडवीत बसलो होतो. आबा पलीकडं लसूण निवडत होते. वहिनी आल्या आणि त्यांनी आपला फोन माझ्या लॅपटॉपवर, थेट कीबोर्डवरच ठेवला.

"भावजी, आत्ता बघा. आत्ता दावतंय."

त्यांच्या लाईनीवरच्या एका मैत्रिणीनं नुकतंच फोन करून सांगितलं होतं की उद्या शनिवारी दोघींनाही फर्स्ट लावली आहे. वहिनींच्या फोनवर सेकंड दिसत होतं. मी माझा फोन काढला, त्यांचा नंबर टाकला. फर्स्ट. दोन फोन शेजारी शेजारी, नंबर एक, माणूस एक, आणि पाळ्या दोन. मी दोन्ही फोन उचलून पाहिले, पालथे करून पाहिले, जसं काही मागच्या बाजूला उत्तर लिहिलेलं असणार होतं.

वहिनी म्हणाल्या की ती मैत्रीण सोमवारपासून बाळंतपणाला माहेरी चालली आहे. म्हणजे सोमवारनंतर त्यांना खरी पाळी सांगणारं कुणी नव्हतं, आणि ऑडिट असल्यामुळं पुढचा सगळा आठवडा पाळ्या बदलणार होत्या. फोन मला द्यायला त्यांच्याकडं तेवढा एकच दिवस होता, कारण कामाच्या दिवशी तो दिवसभर गेटवर जमा असतो. मी साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की नुसत्या दोन फोनांच्या फोटोवरून ठेकेदार काही मानणार नाही, तो म्हणेल एक फोन जुनी माहिती दाखवतोय. नक्की कुठल्या ओळीत चुकतंय ती पकडून दाखव, मग मी स्वतः त्याला लिहितो आणि दोन्ही गैरहजेऱ्या काढायला लावतो. ओळ मला माहीत होती. तारखेवरून पाळी निवडणारी ती एकच ओळ होती, माझ्या फायलीत एक्केचाळिसावी. तिथं नाका लावायचा, वहिनींच्या फोनवर बटण दाबायचं आणि प्रोग्राम थांबला की खिसे तपासायचे. अर्ध्या तासाचं काम, मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं की फोनमध्ये नक्की काय चालतं. मी कोड लिहितो तो साठसत्तर फायलींत, ऐसपैस, नावं वाचता येतील असा. फोनवर जातं ते त्याचं गाठोडं. सगळ्या फायली एकात कोंबतात, मोकळ्या जागा काढतात, लांब नावांचं एकेक अक्षर करतात, आणि शेवटी एकच अफाट लांब ओळ उरते. फोनला ती झटपट वाचता येते, माणसाला अजिबात नाही. मग मी माझ्या फायलीत एक्केचाळिसाव्या ओळीवर थांब म्हटलं तर गाठोड्यात ती जागा कुठली, हे कसं कळणार? त्यासाठी गाठोड्यासोबत एक नकाशा तयार होतो. आमच्याकडं जुन्या सर्वे नंबरांचे गट झाले तेव्हा तलाठ्याकडं तक्ता असायचा, हा जुना नंबर म्हणजे हा नवा गट, तसाच हा. तक्ता बरोबर असेल तर कुणाचं काही अडत नाही.

गाठोडं न बांधताही कोड चालवता येतो, आम्ही रोज तसाच चालवतो. पण आमच्या त्या पद्धतीत कोड चालायचा माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर फक्त चित्र दिसायचं. तसं केल्याबरोबर वहिनींच्या फोनवर शहाण्यासारखं ‘फर्स्ट’ आलं. चूक लॅपटॉपवर यायला तयार नव्हती, ती राहायची फक्त त्या फोनमध्ये आणि फक्त गाठोड्यात. मधूनमधून आकडे छापून बघण्याची सोय असते, पण बांधताना आम्ही त्या ओळी काढून टाकतो. म्हणजे नाक्याशिवाय इलाज नव्हता, आणि नाका पोकळ.

पहिला संशय केबलवर. आमच्या घरात चार केबली आहेत आणि त्यातल्या तीन फक्त चार्जिंगच्या. चौथी लावली, फोन जोडलेला दिसला, ठिपका पोकळच. मग वाटलं, फोनमध्ये जुनंच गाठोडं बसलं असेल आणि माझ्याकडं नकाशा नव्याचा. ॲप काढलं, साठलेलं सगळं पुसलं, नवं बांधून घातलं. पोकळ. मग सेटिंग बघितलं तर फोनसाठी बांधताना नकाशा बनवण्याचं बटणच बंद होतं. मी जोरात ‘सापडलं’ म्हणालो. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. बटण चालू केलं, पुन्हा बांधलं, नकाशाची फाईल डोळ्यांनी बघितली, चांगली लठ्ठ होती. ठिपका लावला. प्रोग्राम सुरू झाला आणि ठिपका पोकळ झाला. वहिनी परत आत गेल्या आणि आबा लसणाकडं बघत म्हणाले, "नाक्यावर कोण न्हाई वाटतं आज."

जेवण झालं. मी काय जेवलो ते विचारू नका. नकाशात फायलींचे पत्ते लिहिलेले असतात, त्यात एखादा फोल्डर चुकला तरी जागा सापडत नाही, म्हणून मी ते पत्ते एकेक तपासले. सगळे बरोबर. आता माझा राग पार निवला होता आणि त्याच्या जागी ते दुसरं सुरू झालं होतं. मी मलाच प्रश्न विचारत होतो आणि मोठ्यानं विचारत होतो. नकाशा आहे, गाठोडं आहे, दोन्ही ताजी आहेत, पत्ते बरोबर आहेत, मग एकमेकांना ओळखत का नाहीत?

म्हणून मी एक उलटा प्रयोग केला. गाठोडं बांधायचं पण आवळायचं नाही, ओळी ओळींसारख्या राहू द्यायच्या, आणि बघायचं काय होतं. झालं असं की ठिपका लाल राहिला. वहिनींनी बटण दाबलं आणि प्रोग्राम थांबला, एक्केचाळिसाव्या ओळीवर. पण खिसे तपासायला गेलो तर तारखेचा खिसा रिकामा. तारीख तर चाळिसाव्या ओळीत भरली जाते. चाळिसावी ओळ झाल्याशिवाय एक्केचाळिसावर येता येतच नाही. बाण एक्केचाळीस दाखवत होता आणि प्रोग्राम प्रत्यक्षात चाळीसच्या तोंडाशी उभा होता. मी दुसऱ्या ओळीवर ठिपका लावला, तिसरीकडं लावला, दुसऱ्याच फायलीत लावला. सगळीकडं तसंच. नकाशा सांगायचा एक आणि प्रोग्राम असायचा एक ओळ मागं. एक ओळ पुढं ठिपका लावून भागवता आलं असतं, पण भलतीच ओळ दाखवणारा फोटो ठेकेदार कशाला मानणार?

वहिनी शेजारीच पाटावर बसल्या होत्या. बटण दाबायला मला त्या लागत होत्या आणि दर वेळी काय झालं हे मी त्यांना सांगत होतो, खरं तर स्वतःलाच सांगत होतो. एक ओळ मागं, पुन्हा एक ओळ मागं, सगळीकडं एकच. मी बिघाड शोधायला एक्केचाळिसाव्या ओळीच्या आसपासच खणत होतो.

"समदीकडं सारखंच सरकलंय नव्हं?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणालो, हो, अगदी सारखं.

"मग मधी कशाला बघताय? आमच्यात फॉइलवरची छपाई सरकली की मधली पाकिटं कोण बघत न्हाई. रोलचं तोंड बघत्यात. सुरवातीलाच एक खाना रिकामा गेला असला की पुढचं समदं एका खान्यानं सरकतंय."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं की त्या तिथं करतात काय. गोळ्यांच्या पट्टीवर मागून फॉइल चिकटते, तिच्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असते. ती छपाई बरोबर गोळीच्या खान्यामागं यावी लागते. रोल लावताना सुरुवातीला चूक झाली तर प्रत्येक पट्टीवर तारीख दोन खान्यांच्या मध्ये पडते. नवी मुलगी पट्ट्या उलटून बघत बसते. जुनी मशीन थांबवते आणि रोलच्या तोंडाशी जाते. माझ्याच घरात एक जुनी बसली होती आणि मी नव्या मुलीसारखा पट्ट्या उलटत होतो.

मी गाठोड्याची फाईल उघडली. इतका वेळ मी नकाशा बघितला होता, सेटिंग बघितलं होतं, केबल बघितली होती. गाठोडं उघडून बघावं असं मला सुचलं नव्हतं, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. पहिल्या ओळीवर एकच शब्द होता.

श्री.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा चौथीपर्यंत शिकले, तेही मेंढरांमागं आजोबांबरोबर फिरताना, या गावची शाळा चार महिने, त्या गावची दोन महिने. मेंढरं गेली, आम्ही जमिनीवर स्थिरावलो, पण शाळेतली एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. कोऱ्या कागदावर काहीही लिहायचं तर आधी वर मधोमध श्री. दुधाच्या वहीवर श्री, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं किराणा लिहिला तर त्यावर श्री. मी हे ॲप लिहायला घेतलं त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, वर श्री लिव्हलंस का? मी हसलो होतो, पण मग मला गंमत वाटली. गाठोडं बांधून झालं की त्याच्या डोक्यावर श्री असलेली, यंत्र नुसती ओलांडून जाईल अशी एक ओळ आपोआप चिकटवायची, असा चार शब्दांचा हुकूम मी लिहून ठेवला आणि आबांना दाखवलाही. ते खूश झाले. मी पार विसरून गेलो.

तो हुकूम चालायचा सगळ्यात शेवटी, नकाशा तयार होऊन गेल्यावर. नकाशाला श्रीचा पत्ताच नव्हता. त्याच्या हिशोबानं कोड पहिल्या ओळीवर सुरू होत होता आणि प्रत्यक्षात पहिल्या ओळीवर देव बसला होता. मोकळ्या गाठोड्यात सगळं एका ओळीनं खाली सरकलं. आवळलेल्या गाठोड्यात तर सगळा कोडच एका ओळीचा, ती होती दुसऱ्या जागी आणि नकाशाला दुसरी ओळ अशी काही असते हेच माहीत नव्हतं. म्हणून पोकळ ठिपका. सकाळपासून मी ज्याला शोधत होतो तो मीच होतो.

मला हसू आवरेना. वहिनींनी पडद्याकडं बघितलं, शब्द वाचला आणि त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं की तुमच्या श्रीमुळं नाका चालत नव्हता. ते चांगलेच दुखावले. लसणाची सुपली त्यांनी खाली ठेवली.

"श्रीमुळं कुणाचं काय बिघडत न्हाई," ते म्हणाले. "कवा लिव्हलंस तू?"

मी म्हणालो, सगळं बांधून झाल्यावर, शेवटी.

"मग तुझंच चुकलं. श्री आदी लिव्हायचं असतंय. समदं लिवून झाल्यावर वरनं चिकटवायचं म्हंजी काय?"

आणि उपाय नेमका हाच होता. मी मघापासून तो हुकूम पुसायच्या बेतात होतो. त्याऐवजी मी तो उचलला आणि बांधणी सुरू होण्याआधी ठेवला, म्हणजे गाठोड्यात श्री पहिल्यापासून असणार आणि नकाशा त्याला धरूनच आखला जाणार. पुन्हा बांधलं, आता नेहमीसारखं आवळून. केबल लावली. एक्केचाळिसाव्या ओळीवर ठिपका ठेवला. प्रोग्राम सुरू झाला. ठिपका लालच राहिला, भरीव, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत बसलो.

वहिनींनी बटण दाबलं. फोन गप्प झाला. लॅपटॉपवर एक्केचाळिसावी ओळ पिवळी झाली.

मी तारखेचा खिसा उघडला. आत होतं: १४. शेजारी त्याचा आकडा करून ठेवलेला असायला हवा होता, तिथं यंत्रानं लिहिलं होतं की हा आकडाच नव्हे. आकडा नाही, म्हणून तारखेचा बदल सापडला नाही, म्हणून प्रोग्राम मुकाट आठवड्याच्या जुन्या तक्त्याकडं वळला. सेकंड.

वहिनी पुढं वाकल्या. "ह्यो तर चौदाच हाय," त्या म्हणाल्या. "उद्याची तारीख. मराठीतला."

त्यांचा फोन मराठीत होता. फोन घेतला त्याच दिवशी त्यांनी तो मराठी करून घेतला होता, नावं, महिने, आकडे, सगळं. तारीख मागितली की तो त्यांच्या भाषेत द्यायचा, आणि माझ्या कोडला फक्त इंग्रजी आकडे वाचता यायचे. माझा फोन इंग्रजीत, लॅपटॉप इंग्रजीत, पुण्यातल्या बाकी सगळ्यांचे फोन इंग्रजीत. आम्ही आपापल्या फोनांवर तपासलं होतं आणि सगळं बरोबर आलं होतं.

"मंग तुमच्या ॲपला मराठी चौदा कळंना?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"लिव्हलंय कुणी ते?"

"मी."

त्या सरळ बसल्या. "म्हंजी मी बरोबर वाचलं हुतं," त्या म्हणाल्या. मला नव्हे, आबांनाही नव्हे, अशाच.

मी त्यांची माफी मागितली. आमच्या घरात दिरानं वहिनीची माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळं मला शब्द नीट जुळवता आले नाहीत. मी म्हणालो की त्या दिवशी मी फोन तुमच्यासमोर धरला ते चुकलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी," आणि चहा ठेवायला उठल्या. मला मात्र ते राहू देता आलं नाही. मी भावाला फोन करून सगळं सांगितलं आणि वहिनींना फोन करायला लावलं. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण चहा बराच वेळ उकळत होता.

थांबलेल्या पडद्याचा फोटो मी साहेबांना पाठवला. कोड दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत साहेबांनी ठेकेदाराला लिहिलं, मला प्रत पाठवली आणि त्या बंद तक्रारीवरचा शेरा स्वतः बदलला. वहिनींच्या दोन्ही गैरहजेऱ्या निघाल्या. मला वाटलं, झालं.

शनिवारी पाळी संपवून वहिनी आल्या आणि हात धुण्याआधी माझ्याकडं आल्या. त्यांनी बसमध्ये प्रत्येकीला विचारलं होतं, फोन मराठीत हाय का इंग्रजीत. मराठीवाल्या तिघी निघाल्या. एकीला एक गैरहजेरी, एकीला दोन. तिसरी आता बसमध्ये नव्हतीच, तिचं नाव इतरांनी सांगितलं. तीन झाल्या म्हणून मागच्या महिन्यात तिला यादीतून काढलं होतं. तीही सांगत राहिली होती की फोनवर वेगळंच होतं. तिच्या घरच्यांनी ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, तुला वाचता येत नाही तर कामाला कशाला जातेस.

मी लगेच लॅपटॉप ओढला आणि म्हणालो की साहेबांना आत्ताच लिहितो, तिची नावनिशी द्या, ठेकेदाराला तिला परत घ्यावंच लागेल. वहिनींनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी लिहून पाठवलं. तरी त्या उभ्याच होत्या.

"त्यो फोटू कागदावर निघल का?" त्यांनी विचारलं. "नाका लावल्याला?"

मी म्हणालो, निघेल, पण ठेकेदाराला मेल गेलाय, कागद लागणार नाही.

"ठेकेदाराला नगं," वहिनी म्हणाल्या. "तिच्या घरी दावायचाय."

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी तो रंगीत काढून आणला. वहिनींनी तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सरळ, घडी न घालता ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी स्कुटी काढली.